गाडीची ताकद मागच्या चाकांवर मोजताना



नववीच्या वर्गात कार्य, ऊर्जा आणि शक्ती हे प्रकरण दरवर्षी शिकवले जाते. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, तिचे एकक वॅट, आणि ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती, एवढे मुले पाठ करतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि पुढच्या प्रकरणाला लागतात. यंदा एका विद्यार्थ्याने गाड्यांच्या मासिकातले एक पान वर्गात आणले आणि विचारले, "सर, इथे गाडीला ३२० हॉर्सपावर लिहिलंय आणि खाली मागच्या चाकांवर २७० लिहिलंय. मधले पन्नास घोडे गेले कुठे?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून या अंकाचा विज्ञानपाठ त्याच प्रश्नावर देत आहोत.

आधी घोड्याबद्दल थोडे. अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने रूढ केले ते वाफेचे इंजिन विकण्यासाठी. गिरणीमालक आणि मद्यार्काच्या भट्ट्यांचे मालक त्या काळी घोडे जुंपून यंत्रे फिरवीत. त्यांचा प्रश्न सरळ होता: हे इंजिन घेतले तर किती घोडे कमी करता येतील? वॅटने हिशेब करून ठरवले की एक घोडा एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम करतो. आपल्या मापात सांगायचे तर दर सेकंदाला सुमारे ७६ किलो वजन एक मीटर वर उचलणे. युरोपात पुढे सोयीसाठी ७५ किलो धरले गेले, आणि त्या मापाला जर्मन नावावरून 'पीएस' म्हणतात. आपल्याकडे शोरूममधल्या पत्रकांत कुठे 'बीएचपी' तर कुठे 'पीएस' लिहिलेले असते. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. फरक दीड टक्क्याहूनही कमी आहे, पण दोन गाड्यांची तुलना करताना पालकांनी तो लक्षात ठेवावा.

अश्वशक्तीचा अंदाज यायला शाळेचा जिना पुरेसा आहे. ४५ किलो वजनाचा मुलगा साडेतीन मीटर उंचीचा जिना पाच सेकंदांत चढला, तर त्याने ४५ × ९.८ × ३.५ म्हणजे १५४३ ज्यूल काम केले. पाचाने भागले की ३०९ वॅट, म्हणजे ०.४१ अश्वशक्ती. अर्ध्या घोड्याच्याही खाली. तेही पाचच सेकंद, आणि वर पोचल्यावर धाप लागते ती वेगळी.

आता मुख्य गोष्ट. शक्ती मोजणारा काटा इंजिनाला थेट लावता येत नाही. मोजता येतात त्या दोन गोष्टी: इंजिनाचा दांडा किती पिळाने फिरतो तो टॉर्क, आणि मिनिटाला किती फेरे घेतो ते आरपीएम. (महाविद्यालयात आम्ही हे हिंदीतून शिकलो, तिथे टॉर्कला बल-आघूर्ण म्हणत. शब्द भारदस्त, पण कोणत्याही गॅरेजमध्ये उच्चारून पाहा, मिस्त्री तोंडाकडे पाहत राहील. आपण टॉर्कच म्हणू.) न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. ४०० न्यूटन-मीटर आणि ५००० आरपीएम असतील तर २०९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २८१ अश्वशक्ती. यातून दिसेल की अश्वशक्तीचा प्रत्येक आकडा हा हिशेबाने काढलेला असतो. हिशेबात काय घातले, ते कुठे मोजले आणि कोणत्या अटींवर, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

टॉर्क मोजण्याची पहिली सुटसुटीत युक्ती १८२१ साली फ्रान्समधल्या गास्पार द प्रोनी या अभियंत्याने काढली. फिरत्या दांड्याला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आवळायचे, ठोकळ्यांना एक लांब आडवा दांडा जोडायचा, आणि तो दांडा फिरू नये म्हणून टोकाला वजन टांगायचे. वजन आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. इंजिनाला ब्रेक लावून मोजलेली शक्ती, म्हणून 'ब्रेक हॉर्सपावर'. आज पत्रकावर छापतात ते बीएचपी तेच. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी लाकडाऐवजी पाण्याचा ब्रेक वापरला, पुढे विजेच्या चुंबकाचे ब्रेक आले. या यंत्रांना डायनामोमीटर म्हणतात, गाडीवाल्यांच्या बोलीत नुसते 'डायनो'.

कारखान्यात इंजिन गाडीतून बाहेर, ओट्यावर बसवून असे मोजले जाते. इथेही एक गंमत आहे. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिन मोजताना पंखा, हवेची जाळी, सायलेन्सर, अल्टरनेटर हे सगळे काढून ठेवण्याची मुभा होती, आणि तो फुगलेला आकडा जाहिरातीत छापला जाई. १९७२ पासून गाडीत असते तसे सामान लावून मोजलेला आकडा देणे सुरू झाले. शेवरले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या साध्या इंजिनाचा आकडा १९७१ मध्ये २७० होता, तो १९७२ मध्ये २०० झाला. इंजिन जवळजवळ तेच होते. बदलली ती मुख्यतः मोजण्याची रीत.

इंजिनापासून रस्त्यापर्यंत

ज्या वेगवान गाड्यांची चर्चा आपण करतो आहोत त्यांतल्या बहुतेकांचे इंजिन पुढे असते आणि ढकलतात मागची चाके. इंजिनाची ताकद क्लचमधून गियरबॉक्समध्ये जाते, तिथून लांब प्रोपेलर शाफ्टने मागे येते, क्राउन आणि पिनियन या दातेरी जोडीत काटकोनात वळते, डिफरेन्शियलमधून दोन्ही बाजूंच्या अॅक्सलमध्ये जाते आणि शेवटी टायरमधून रस्त्याला लागते. या प्रत्येक नाक्यावर थोडी थोडी ताकद कमी होते. दात एकमेकांवर घासतात, दाट तेल ढवळले जाते, बेअरिंग गरम होते, टायर दर फेरीला दबतो आणि उसळतो. सर्वांत जास्त घासाघीस काटकोनात वळणाऱ्या क्राउन-पिनियनमध्ये होते.

गाडीवाल्यांत एक ठोकळ नियम चालतो: इंजिनाच्या आकड्यातून पंधरा टक्के वजा करा, मागच्या चाकांचा आकडा मिळेल. ३२० चे २७२. आपल्या विद्यार्थ्याच्या मासिकातला आकडा याच घरातला आहे. पण हा नियम जसाच्या तसा खरा मानू नये, आणि का मानू नये हे नववीच्या गणितानेच कळते. ५० अश्वशक्ती म्हणजे ३७,३०० वॅट. बादलीत पाणी तापवायचा जो हजार वॅटचा रॉड घरोघरी असतो, तसे ३७ रॉड एकाच वेळी गियरबॉक्स आणि मागच्या डिफरेन्शियलमध्ये सोडले तर तिथले तेल किती वेळ टिकेल? सगळे पन्नास घोडे उष्णता होऊन गेले असते, तर गाडी लांबच्या चढावर उभीच राहिली असती. म्हणजे त्यातले काही दुसरीकडे गेले असले पाहिजेत. कुठे, ते मोजण्याचे यंत्र पाहिल्यावर कळेल.

यंत्र असे असते. जमिनीत खड्डा करून त्यात एक मोठा, जड लोखंडी रोलर बसवलेला असतो, त्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीत दिसतो. गाडीची मागची चाके त्यावर उभी करतात आणि गाडी मजबूत पट्ट्यांनी पुढून-मागून जखडतात. समोर मोठा पंखा लावतात, कारण गाडी जागेवर उभी असताना रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही. ज्या गियरमध्ये गियरबॉक्सचा आत जाणारा आणि बाहेर येणारा दांडा सारखेच फेरे घेतात तो गियर टाकतात, जुन्या पाच गियरच्या गाड्यांत बहुधा चौथा. मग दोन हजार आरपीएमच्या आसपास अॅक्सिलरेटर तळाला दाबतात आणि इंजिन आपल्या कमाल फेऱ्यांना पोचेपर्यंत दाबून धरतात. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. आवाज कानठळ्या बसवणारा. गाडी इंचभरही पुढे सरकत नाही, रोलर मात्र भिंगरीसारखा फिरू लागतो.

रोलरला ब्रेक नसतो, टॉर्क मोजणारा काटा नसतो. मोजला जातो तो फक्त वेळ. मग शक्ती कशी कळते? रोलर वेगात आणायला जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर लागेल असे एक सरळ जाणारे वस्तुमान कल्पून घ्या. समजा ते ११०० किलो आहे. रोलरच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ४० मीटरवरून ४१ मीटर झाला आणि त्याला ०.२२ सेकंद लागले. गतिज ऊर्जेचे सूत्र आपल्याला पाठ आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ४१ चा वर्ग १६८१, ४० चा १६००, फरक ८१. ११०० चे निम्मे ५५०. म्हणजे ऊर्जा वाढली ५५० × ८१ = ४४,५५० ज्यूल. ती ०.२२ सेकंदांत वाढली, म्हणून शक्ती २,०२,५०० वॅट, म्हणजे सुमारे २७१ अश्वशक्ती. संगणक एका दमात असे शेकडो हिशेब करतो आणि कागदावर वक्ररेषा काढून देतो. पण सूत्र तेच आहे जे फळ्यावर लिहिताना मागच्या बाकांवरून "हे कुठे उपयोगी पडणार?" अशी कुजबूज ऐकू येते.

आता पन्नास घोड्यांकडे परत येऊ. रोलरबरोबर गाडीची मागची चाके, ब्रेकच्या तबकड्या, अॅक्सल, प्रोपेलर शाफ्ट आणि इंजिनाचे फ्लायव्हील हेही सगळे वेगात आणावे लागतात. त्यांना लागलेली ऊर्जा रोलरपर्यंत पोचतच नाही. ती नष्ट झालेली नसते, त्या फिरत्या भागांत साठलेली असते. म्हणून त्याच गाडीला जड चाके लावली की या यंत्रावरचा आकडा उतरतो, इंजिनात काडीचाही बदल झालेला नसताना. खालच्या गियरमध्ये मोजले तरी उतरतो, कारण इंजिन जास्त झपाट्याने फेरे वाढवते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला उत्तर असे: काही घोडे तेल आणि टायर तापवण्यात गेले, काही चाके आणि दांडे फिरते करण्यात गुंतले. किती गेले आणि किती गुंतले हे प्रत्येक गाडीचे वेगळे, म्हणून सर्वांना सरसकट पंधरा टक्के लावणे ही गरजेपुरती सोय आहे.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत रोलरला विजेच्या चुंबकाचा ब्रेक असतो आणि गाडीला एकाच वेगावर रोखून धरून टॉर्क मोजता येतो. आपल्या देशात गाड्यांच्या धुराची आणि इंधनवापराची अधिकृत चाचणी अशाच रोलरवर होते. पुण्याची एआरएआय ही १९६६ पासून काम करणारी संस्था हे काम करते. शोरूममध्ये सांगितले जाणारे 'कंपनीचे मायलेज' रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे गाडी चालवून काढलेले असते. राजवाड्याच्या गर्दीत ते का मिळत नाही, याचे उत्तर पालकांना इथे मिळेल. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला वाहन चाचणीसाठी नॅट्रॅक्स हे केंद्र आहे, तिथे ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाला. रोलरवर जे सापडत नाही, म्हणजे वाऱ्याचा विरोध, वळणावरची पकड, ते अशा ट्रॅकवर तपासतात.

हवेचा हिशेब

इंजिन पेट्रोल जाळते तसे हवाही जाळते. हवा विरळ असली तर ताकद कमी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि इथला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्के कमी असतो. त्यात मे महिन्याची दुपार, ४२ अंश. तीच गाडी मुंबईत जानेवारीच्या सकाळी मोजली तर आकडा जास्त येणारच. मग तुलना करायची कशी? त्यासाठी अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने प्रमाण हवा ठरवून दिली आहे: २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब. प्रत्यक्ष आकड्याला एका गुणकाने गुणून तो या हवेत किती आला असता ते काढतात. इंदूरच्या त्या मे महिन्यातल्या दुपारी गुणक साधारण १.०८ ते १.०९ येईल. यंत्राने २५० दाखवले, तर कागदावर २७१ छापले जाईल.

इथे सावध राहायला हवे. एसएईचेच एक जुने प्रमाण आहे, त्यात हवा जास्त थंड आणि दाब जास्त धरलेला आहे. ते वापरले की तीच गाडी, तोच दिवस, आणि आकडा आणखी सुमारे चार टक्क्यांनी मोठा. दोन्ही गुणक पडद्यावरची एक कळ दाबून बदलता येतात. गिऱ्हाइकाला खूश करायचे असेल तर कोणती कळ दाबली जाईल, हे सांगायला नको. शिवाय टर्बो इंजिन विरळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करून घेते, त्याला हा गुणक पुरता लावला तर नसलेली ताकद कागदावर दिसते. टायरमधली हवा कमी असली, पट्टे फार आवळले, तेल थंड असले, तरी आकडा बदलतो. म्हणून रोलरवरचा एकच सुटा आकडा घेऊन वाद घालणाऱ्यांचे आम्हाला नवल वाटते.

असे असेल तर मागच्या चाकांवर मोजून उपयोग काय? उपयोग तुलनेत आहे. तेच यंत्र, तोच गुणक, तशीच हवा ठेवून दोन गाड्या मोजल्या, किंवा एकच गाडी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मोजली, तर यंत्राची खोट दोन्ही आकड्यांत सारखीच येते आणि फरक विश्वासाचा राहतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण अमेरिकेत १९९९ साली घडले.

कोब्राची गोष्ट

फोर्ड कंपनीच्या मस्टँग या गाडीची एक खास वेगवान आवृत्ती होती, मस्टँग कोब्रा. कंपनीचा एसव्हीटी हा विशेष विभाग ती तयार करी. इंजिन ४.६ लिटरचे, आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह. १९९८ च्या कोब्राला कंपनीने ३०५ अश्वशक्ती सांगितली होती. १९९९ मध्ये इंजिनात हवा घेण्याचे मार्ग नव्याने आखले आणि आकडा जाहीर केला ३२०. पंधरा घोडे जास्त. लोकांनी हौसेने गाड्या घेतल्या.

पण मालकांना गाडी धावताना ते पंधरा घोडे जाणवेनात. पाव मैलाच्या शर्यतीच्या धावपट्टीवर वेळ घेतली, नवी गाडी जुनीच्या पुढे जाईना. मग त्यांनी गाड्या रोलरवर चढवल्या. रोलरची ही यंत्रे तोवर अमेरिकेतल्या पुष्कळ वर्कशॉपांत आली होती, आणि थोडे पैसे भरून कोणीही आपली गाडी मोजून घेऊ शकत होता. कागद हातात आले. ३२० च्या हिशेबाने मागच्या चाकांवर जे यायला हवे ते येत नव्हते, आणि १९९८ च्या गाडीहून वरचढ असा आकडाही निघत नव्हता.

इथे विद्यार्थ्यांनी थांबून विचार करावा. एखाद्याने नुसती नवी गाडी मोजली असती, तर "तुमच्या मागच्या डिफरेन्शियलमध्ये ताकद गेली असेल, तुमचे यंत्र कमी दाखवत असेल, त्या दिवशी हवा गरम असेल" असे म्हणून कोणालाही त्याला गप्प करता आले असते, आणि त्यातले काहीही खोटे पाडणे अवघड होते. पण जुनी आणि नवी गाडी एकाच यंत्रावर मोजली की या तीनपैकी दोन सबबी जागच्या जागी संपतात. तिसरी मात्र उरते, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे: १९९९ च्या कोब्राला मागे नवीन प्रकारचे सस्पेन्शन होते, दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारे. त्यामुळे मागच्या भागात ताकद जाण्याचे प्रमाण बदलले असेल, ही शंका रास्त होती. तिचा निकाल केवळ रोलरवर लागत नव्हता. तो इंजिन उघडून पाहण्यानेच लागणार होता.

फोर्डने तपासले आणि मालकांचे म्हणणे मान्य केले. ऑगस्ट १९९९ मध्ये दुकानांत उभ्या असलेल्या कोब्रांची विक्री थांबवली आणि विकल्या गेलेल्या गाड्या परत बोलावल्या. त्या वर्षीच्या कोब्रा आठ हजारांच्या आसपास होत्या. दोष मुख्यतः हवेच्या वाटेत होता. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या आतल्या नळ्या ओतकामात हव्या तशा मोकळ्या उतरल्या नव्हत्या. कंपनीने मॅनिफोल्ड बदलून दिले, इंजिनाचा संगणक बदलला आणि मागचा सायलेन्सरचा संच नवा बसवला. गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले नाहीत. २००० साली नेहमीची कोब्रा बाजारात आणलीच नाही, केवळ शर्यतीच्या शौकिनांसाठी ३०० गाड्यांची एक वेगळी आवृत्ती काढली. नेहमीची कोब्रा २००१ मध्ये परत आली, आकडा तोच, ३२०.

पुढचा भाग आणखी मजेचा. २००३ मध्ये कोब्राला सुपरचार्जर बसवले आणि कंपनीने आकडा सांगितला ३९०. पंधरा टक्के वजा केले तर मागच्या चाकांवर ३३१ यायला हवे. मालकांच्या कागदांवर साडेतीनशेच्या वर येऊ लागले. म्हणजे कंपनीने या खेपेस कमीच सांगितले होते. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, तशातला प्रकार असावा असे आम्हाला वाटते.

कोब्रा एकटी नाही. जपानच्या माझदा कंपनीने अमेरिकेत २००१ च्या मियाटा या लहान स्पोर्ट्स कारचा आकडा १५५ वरून १४२ वर आणला आणि नाराज गिऱ्हाइकांकडून गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखवली. त्याच कंपनीच्या आरएक्स-८ चा आकडा २००३ मध्ये कमी होऊन २३८ झाला, तेव्हाही तसेच केले.

आमच्या शाळेचा पंप

वेगवान गाड्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी नाहीत, पण हीच रीत शाळेत कामाला आली. विश्वस्त मंडळींना आठवत असेल, छतावरची हजार लिटरची टाकी भरायला फार वेळ लागू लागला होता. पंपाच्या पाटीवर एक अश्वशक्ती लिहिलेली आहे. दुकानदाराने पंप थकला असे सांगून दीड अश्वशक्तीचा नवा पंप सुचवला आणि भावही दिला. सुदैवाने प्रयोगशाळेच्या वहीत दोन वर्षांपूर्वीची नोंद होती: हौदापासून टाकीची उंची १२ मीटर, भरायला लागलेला वेळ साडेपाच मिनिटे. म्हणजे १,१७,६०० ज्यूल भागिले ३३० सेकंद, ३५६ वॅट, पाण्याला मिळालेली ताकद ०.४८ अश्वशक्ती. पाटीवर एक आणि पाण्यात अर्धी, हा छोट्या पंपाच्या बाबतीत काही चमत्कार नव्हे. तीही 'मागच्या चाकांवरची' मोजणीच आहे.

मुलांनी पुन्हा घड्याळ लावले. आठ मिनिटे. २४५ वॅट, ०.३३ अश्वशक्ती. पंप तोच, टाकी तीच, उंची तीच, आणि व्होल्टेजही पाहिले, पूर्ण होते. फरक खरा होता. पण तो पंपातच आहे असे काही त्यावरून ठरत नव्हते, म्हणून प्लंबरला बोलावून आधी पाइप उघडायला सांगितला. वरच्या बेंडमध्ये बोरिंगच्या पाण्याचे क्षार इतके साचले होते की आत अंगठा जाईना. तेवढा पाइप बदलला. टाकी आता पाच मिनिटे चाळीस सेकंदांत भरते आणि नवा पंप घ्यावा लागला नाही.

एक ताकीद. मोटरसायकल किंवा स्कूटर मधल्या स्टँडवर लावून, मागचे चाक हवेत फिरवून ताकद पाहण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये. अधांतरी फिरणाऱ्या चाकावर भारच नसतो, त्यामुळे त्यातून शक्ती कळत नाही, आणि चाकात ओढणी किंवा बोट जायला क्षण पुरतो.

स्वाध्याय (आठवी ते दहावी)

१. वरच्याच रोलरवर (११०० किलो) पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ३० मीटरवरून ३१ मीटर व्हायला ०.१६ सेकंद लागले. शक्ती वॅटमध्ये आणि अश्वशक्तीत काढा.

२. एका गाडीच्या पत्रकावर ८८ पीएस आहे, दुसरीच्या ८६ बीएचपी. कोणती जास्त ताकदीची, आणि कितीने?

३. एकाच वर्कशॉपमध्ये एक गाडी जानेवारीत आणि पुन्हा मे महिन्यात मोजली. गुणक लावण्याआधीचे आकडे वेगळे आले, लावल्यानंतर जवळजवळ सारखे आले. गाडी बिघडली आहे का? कारण लिहा.

४. घरी पाण्याचा पंप असेल तर मोठ्यांना सोबत घेऊन टाकीची उंची, पाण्याचे माप आणि भरण्याचा वेळ नोंदवा. पाटीवरचा आकडा शेजारी लिहा, तारीखही घाला. वही पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावी. ज्यांच्या घरी पंप नाही त्यांनी जिन्याचा प्रयोग तीनदा करून सरासरी काढावी, मात्र पाऊस पडून पायऱ्या ओल्या असतील त्या दिवशी नाही.